घोडा मोजून गाडी बनवणारा माणूस : जॉन स्टीफनसनच्या ट्राम कारखान्याचं प्रकरण

स्टीफनसन म्हटलं की आपल्याला शाळेच्या पुस्तकातला इंजिनवाला जॉर्ज स्टीफनसन आठवतो. हा तो नाही. हा जॉन स्टीफनसन, जन्म ४ जुलै १८०९, आयर्लंडच्या आर्मा परगण्यातला, दोन वर्षांचा असताना आईवडिलांबरोबर न्यूयॉर्कला आला आणि पुढे तिथेच राहून आयुष्यभर ट्रामचे डबे बनवत राहिला. शहराच्या भर रस्त्यात रुळांवरून धावणारी पहिली घोडा ट्राम म्हणून जिचं नाव घेतात ती ह्याच्या हातची. वेल्समधे १८०७ पासूनच रुळावरून घोडे लावून माणसं न्यायचे हे खरं, पण ती गाडी स्वान्सीपासून समुद्राच्या कडेकडेने मम्बल्सला जायची, गजबजलेल्या शहरात रस्त्यात थांबत थांबत माणसं चढवणं उतरवणं हा वेगळाच धंदा आहे.

मला ह्या माणसात इतका इंटरेस्ट का, तर माझे वडील बस बॉडीच्या शेडमधे सुतार होते, तीसेक वर्षं. त्या काळी आतला बराच सांगाडा लाकडी असायचा. शाळेला सुट्टी असली की मी डबा घेऊन जायचो आणि दुपारभर तिथेच बसायचो. नवीन आलेली फळी ते आधी दोन्ही हातांनी उचलून बघायचे, मग बोटाच्या पेरांनी ठोकायचे, मग कडेला नखाने खरवडायचे, आणि जड वाटली की बाजूला ठेवत म्हणायचे, "ह्यात एक पॅसेंजर गेला." फळीत पॅसेंजर कुठे गेला हे मला बरेच दिवस कळायचं नाही. नंतर कळलं. बॉडी जेवढी जड तेवढं इंजिन बॉडीच ओढत बसतं, आणि मालकाला तिकिटाचे पैसे माणसांचे मिळतात, बॉडीचे कुणी देत नाही.

जॉन स्टीफनसनचा अख्खा कारखाना ह्या एका वाक्यावर उभा होता असं मला वाटतं, फक्त त्याच्याकडे इंजिनाच्या जागी घोडा होता. ह्याच वाक्याने तो वर आला आणि माझ्या मते पुढे ह्याच वाक्यात त्याचा कारखाना अडकला. म्हणून हे प्रकरण नीट सुरुवातीपासून लिहितोय, थोडं लांबेल.

सुरुवात आणि आग

पोरगा १६ व्या वर्षी दुकानात नोकरीला लागला, पण मन तिथे नव्हतं. १९ व्या वर्षी अँड्र्यू वेड नावाच्या बग्गी बनवणाऱ्याकडे उमेदवारीला गेला. दिवसा काम आणि संध्याकाळी घरी बसून यंत्रांची ड्रॉइंग काढायला शिकणं, असं दोन वर्षं चाललं. त्याच सुमाराला न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर अब्राहम ब्राउअर हा तबेलेवाला ठरलेल्या रस्त्याने ठरलेल्या भाड्यात घोडागाड्या चालवायला लागला होता, म्हणजे आपल्या शेअर रिक्षासारखा प्रकार, फक्त मोठी बग्गी. त्याच्या गाड्या वेडकडे दुरुस्तीला यायच्या, तिथे त्याने ह्या पोराचं काम बघितलं आणि सरळ आपल्याकडे ओढलं. १८३१ मधे स्टीफनसनने ब्राउअरच्या तबेल्याला लागूनच, ६६७ ब्रॉडवे ह्या पत्त्यावर, स्वतःचं दुकान टाकलं. वय वर्षं एकवीस. तिथे त्याने न्यूयॉर्कची पहिली ऑम्निबस बनवली, म्हणजे आज आपण ज्याला बस म्हणतो त्या शब्दाची आजी.

पुढच्याच मार्चमधे तबेला आणि दुकान दोन्ही आगीत गेलं. लाकूड, रंग, तेल, गवत, सगळं एका जागी, आणि उजेडाला उघडे दिवे, त्या काळी अशा जागा जळायच्याच.

त्याने थोड्याच दिवसात एलिझाबेथ स्ट्रीटवर नवीन जागा घेतली आणि तिथेच त्याच्याकडे न्यूयॉर्क अँड हार्लेम रेलरोड ही नवी कंपनी आली. कंपनीला १८३१ मधे परवानगी मिळालेली, शहरातून वर हार्लेमपर्यंत रूळ टाकायचे होते. त्यांना डबा पाहिजे होता. पण कसला डबा, हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण असा डबा त्याआधी कुणी बनवलाच नव्हता.

स्टीफनसनने काय केलं ते मला फार आवडतं. त्याने नवीन काहीतरी जगावेगळं काढलं नाही. त्याला बग्गी येत होती, त्याने बग्गीच बनवली, पण तीन बग्ग्या एकाला एक चिकटवल्यासारखी. तीन खण, प्रत्येक खणात १० माणसं, प्रत्येक खणाला बाजूने दार, वर टपावरही बसायची सोय. बॉडी चामड्याच्या जाड पट्ट्यांवर टांगलेली, बग्गीत असते तशीच. पुढे उंचावर गाडीवान, त्याच्या पायाशी ब्रेक. फक्त चाकं लोखंडी, रुळावर बसतील अशी कडा असलेली. ह्या गाडीला नाव दिलं जॉन मेसन, कंपनीच्या अध्यक्षांचं, जे केमिकल बँकेचेही अध्यक्ष होते. १४ नोव्हेंबर १८३२ ला प्रिन्स स्ट्रीट ते चौदावा रस्ता अशा छोट्याशा तुकड्यावर ती पहिल्यांदा धावली, आत शहरातली मोठी मोठी मंडळी बसलेली. स्टीफनसनचं वय तेव्हा २३. पुढच्या वर्षी त्याला ह्या गाडीचं पेटंट मिळालं आणि त्यावर राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांची सही होती. १८३६ च्या डिसेंबरात वॉशिंग्टनचं पेटंट ऑफिस जळालं, त्यात त्या काळची हजारो कागदपत्रं गेली, म्हणजे ह्या माणसाच्या गोष्टीत आग काही सुटत नाही.

रूळ कशाला

हे जरा समजून घेऊ, कारण पुढचं सगळं ह्यावर आहे. त्या काळचे न्यूयॉर्कचे रस्ते म्हणजे गोल दगडांचे, नाहीतर चिखलाचे. त्यावरून बारा-पंधरा माणसांची ऑम्निबस ओढायला दोन घोडे लागायचे आणि ते घामाघूम व्हायचे. त्याच दोन घोड्यांना लोखंडी रुळावर लोखंडी चाकाची गाडी दिली तर दुपटीच्या आसपास माणसं आरामात ओढतात. म्हणजे घोडा तोच, चारा तोच, गाडीवान तोच, उत्पन्न दुप्पट. हिशोब इतका साधा आहे.

मग सगळ्या जगाने लगेच ट्राम का घेतली नाही? न्यू ऑर्लिन्सने १८३५ मधे घेतली, बाकी जवळपास वीस वर्षं शांतता. कारण हे रूळ रस्त्याच्या वर आलेले असायचे. दुसऱ्या गाड्यांची चाकं त्यात अडकायची, आस मोडायचे, घोडे ठेचकाळायचे, आणि ज्यांच्याकडे स्वतःच्या बग्ग्या होत्या ती मंडळी वजनदार होती, त्यांची ओरड चालायची. डबा तयार होता, पण रस्ता तयार नव्हता. माल चांगला असून धंदा होत नाही ही वेळ ज्याने बघितली आहे त्यालाच कळेल ते काय असतं.

उधारी

स्टीफनसनने मग रेल्वेच्या डब्यांकडे मोर्चा वळवला. अमेरिकेत तेव्हा रेल्वे कंपन्या पावसाळ्यात छत्र्या उगवाव्यात तशा उगवत होत्या आणि सगळ्यांना डबे पाहिजे होते. १८३६ मधे त्याने हार्लेमला, चौथा अॅव्हेन्यू आणि १२९ व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर, मोठा कारखाना टाकला. ऑर्डरी भरपूर. पण पैसे कसे यायचे? रोख नाही. रेल्वे कंपन्या स्वतःचेच रोखे आणि शेअर द्यायच्या. म्हणजे लाकूडवाल्याला, लोहाराला, कामगाराला स्टीफनसनने रोख द्यायचे आणि स्वतः कागद घेऊन बसायचं.

१० मे १८३७ ला न्यूयॉर्कच्या बँकांनी नोटांच्या बदल्यात सोनं-चांदी देणं बंद केलं. त्यानंतर जी मंदी आली ती वर्षानुवर्षं चालली. रेल्वे कंपन्या बुडाल्या, त्यांचे रोखे रद्दी झाले. स्टीफनसनने पाच वर्षं कसाबसा तग धरला आणि १८४२ मधे दिवाळं निघालं. सावकारांशी तडजोड झाली, डॉलरला ५० सेंट. म्हणजे आठ आणे द्यायचे, आठ आणे माफ.

इथे मला आमच्या शेडमधली गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. एका ट्रॅव्हल्सवाल्याने शेडला पाच बॉडीची ऑर्डर दिली होती. आमच्या मालकांनी कर्ज काढून पत्रा आणला, प्लाय आणला, पोरं लावली. दोन बॉडी गेल्या, चेक आले पुढच्या तारखेचे. तिसरी गेली, चेक परत पुढच्या तारखेचे. ते चेक कधीच वटले नाहीत. वडिलांचा चार महिन्यांचा पगार त्यात अडकला आणि आईने गळ्यातली पोत सोनाराकडे नेली. मालक वाईट माणूस नव्हता, तो वडिलांसमोर रडला होता. पण ऑर्डर मोठी आहे म्हणून नाही म्हणायची हिंमत त्याच्याकडे नव्हती. स्टीफनसनकडेही नव्हती. गाडी बनवणाऱ्याची ही जुनी दुखरी नस आहे, एकेक नग महाग, गिऱ्हाइकं मोजकी, आणि प्रत्येक गिऱ्हाईक तुमच्यापेक्षा मोठं, त्यामुळे त्याच्या अटी तुम्ही मान्य करता.

तर १८४२ मधे स्टीफनसन ३३ वर्षांचा, नाव गेलेलं, कारखाना गेलेला. त्याच्यासमोर काय काय रस्ते होते बघा. रेल्वेचे डबे परत सुरू करणं हा एक, कारण कधी ना कधी मंदी संपणार होती आणि रेल्वे वाढणारच होती. कुणाकडे तरी मिस्त्री म्हणून राहणं हा दुसरा. त्याने दोन्ही सोडलं आणि १८४३ मधे पूर्व २७ व्या रस्त्यावर जागा घेऊन परत ऑम्निबस बनवायला लागला, म्हणजे जिथून सुरुवात केली तिथेच. लहान माल, शहरातलं गिऱ्हाईक, तबेलेवाले लोक, ज्यांच्या हातात रोज संध्याकाळी रोख गल्ला येतो. माझ्या मते त्याच्या आयुष्यातला हा सगळ्यात शहाणपणाचा निर्णय होता, पहिल्या ट्रामपेक्षाही. त्याला आता माहीत होतं की गाडी कुणाला विकायची हे गाडी कशी बनवायची ह्याइतकंच महत्त्वाचं आहे. शहरात ऑम्निबसची लाटच आली होती आणि तो त्या लाटेवर नीट उभा राहिला.

आणि मग त्याने एक गोष्ट केली जी करायला कायद्याने त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तडजोडीत जे आठ आणे माफ झाले होते ते त्याने सगळ्यांना परत दिले. एकेकाला शोधून. कागदावर ते देणं संपलेलं होतं. तेव्हापासून लोक त्याला "ऑनेस्ट जॉन स्टीफनसन" म्हणायला लागले, आणि ते नाव शेवटपर्यंत राहिलं. मेथडिस्ट ह्या ख्रिस्ती पंथाचा श्रद्धाळू माणूस होता, रविवारच्या शाळेत शिकवायचा, गाण्याची आवड. पण हे सगळं असणारे खूप असतात, माफ झालेलं कर्ज फेडणारे किती असतात ते आपण रोज पेपरात वाचतो. ह्याचा धंद्याला फायदा झालाच असणार, लाकूडवाला अशा माणसाला उधार देताना विचार करत नाही, पण त्याने फायद्यासाठी केलं असं मला वाटत नाही.

हलकी गाडी

१८५२ च्या सुमाराला न्यूयॉर्कमधे अल्फॉन्स लुबा ह्या फ्रेंच माणसाने रस्त्याच्या पातळीत बसणारा, खाच असलेला रूळ टाकला. आता चाकाची कडा खाचेत जाते आणि वरून बाकीच्या गाड्या बिनधास्त जातात. वीस वर्षं अडकलेली गाठ सुटली. लुबाने पुढे तेच पॅरिसला नेलं आणि तिथे त्याला अमेरिकन रेल्वे असं नाव पडलं. न्यूयॉर्क, बॉस्टन, फिलाडेल्फिया, एकामागून एक शहरं ट्राम मागायला लागली आणि ट्राम कशी बनवायची हे वीस वर्षं आधीपासून माहीत असलेला माणूस २७ व्या रस्त्यावर बसलेला होता. गंमत म्हणजे त्याचं पहिलं गिऱ्हाईक असलेल्या हार्लेम रेल्वेचा डेपो पण तिथेच बाजूला होता.

त्याने ट्राम बग्गीसारखी ठेवली नाही. तीन खण गेले, मधे एकच लांब खोली, दोन्ही बाजूंना लांब बाकं, दोन टोकांना दारं आणि चढायला-उतरायला ओटे. आणि सगळं लक्ष वजनावर. सांगाड्याला अॅशचं लाकूड, जे चिवट असतं आणि वाकतं पण मोडत नाही, बाजूच्या फळ्यांना पॉपलरसारखं मऊ हलकं लाकूड, पातळ कापून, वाफेवर वाकवून. ट्रामच्या बाजूला खाली आत वळलेला जो गोलावा असतो तो नुसता दिसायला नाही, त्याने शेजारून जाणाऱ्या गाड्यांच्या चाकाला जागा मिळते आणि वाकवलेली पातळ फळी सपाट फळीपेक्षा जास्त ताठ राहते. पत्र्याला सुद्धा आपण म्हणूनच नळ्या पाडतो. जिथे लोखंड जाड लागत नाही तिथे जाड लावायचं नाही. दोन घोड्यांची गाडी दोन टनांच्या आसपास बसायची. आणि एवढं करून रंगकाम असं की बाजूच्या फळ्यांवर वेलबुट्टी, सोनेरी अक्षरं, वर वॉर्निशचे थरावर थर.

वजनावर एवढा जीव का, ते आकड्यात बघा. एक गाडी हजार डॉलरच्या आसपास पडायची. एक घोडा दीडशेच्या आसपास. पण घोडा दिवसाला चार-पाच तासच काम करू शकतो, मग बदलावा लागतो, त्यामुळे एका गाडीमागे आठ-दहा घोडे बांधलेले. म्हणजे घोडेच गाडीपेक्षा महाग. त्यात गाडी वीस वर्षं चालायची आणि घोडा ट्रामला तीन ते पाच वर्षात संपायचा. का संपायचा, तर ट्राम सारखी थांबते. चालू गाडी ओढणं काही नाही, उभी गाडी हलवणं हाच खरा मार आहे, आणि प्रत्येक बाईसाठी, प्रत्येक म्हाताऱ्यासाठी, कोपऱ्याकोपऱ्यावर तो झटका घोड्याच्या खांद्याला आणि पायाला बसायचा. डब्याचं वजन पावशेर कमी झालं तरी तो झटका दिवसातून शेकडो वेळा तेवढा कमी. स्टीफनसन डबा विकत नव्हता, तो घोड्याचं आयुष्य विकत होता असं म्हटलं तरी चालेल.

१८७२ च्या शरद ऋतूत हे सगळ्यांना दिसलं. कॅनडात टोरोंटोच्या बाजूने घोड्यांची साथ सुरू झाली, खोकला आणि ताप, आणि काही आठवड्यात न्यूयॉर्कपर्यंत आली. घोडे फार मेले नाहीत पण उभे राहवेनात. ट्राम बंद, माल धक्क्यावर पडलेला, माणसांनी गाड्या ओढल्या. अख्खं शहर घोड्याच्या खांद्यावर उभं आहे हे एका महिन्यात कळलं.

हलकेपणाच्या मागे लागून एक प्रकार असाही निघाला जो प्रवाशांना अजिबात आवडला नाही. छोटी, एका घोड्याची, मागचा ओटा काढून टाकलेली गाडी, तिला शेपूटकापी म्हणजे बॉबटेल म्हणायचे. तिच्यात कंडक्टर नाही. प्रवाशाने भाडं स्वतः पेटीत टाकायचं, आणि गाडीवानाने घोडा सांभाळायचा, ब्रेक लावायचा, सुट्टे द्यायचे, मागे कोण चढतंय उतरतंय बघायचं. मालकाचा एक पगार वाचला आणि गाडीवान पिळला गेला. ह्या गाड्याही स्टीफनसनने बनवल्या. मी त्याला मानतो पण ही बाजू लपवावी असं मला वाटत नाही, वजन कमी करता करता माणूसच कमी केला की त्याचा त्रास कुठेतरी निघतोच.

अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात कारखान्याने तोफांचे गाडे आणि तरंगत्या पुलांखालच्या होड्या बनवल्या आणि नंतर परत ट्राम. १८८० च्या दशकात सुमारे ५०० कामगार, जगातला सगळ्यात मोठा ट्रामचा कारखाना, आणि १८९१ पर्यंत २५ हजाराच्या आसपास गाड्या तिथून बाहेर पडल्या. मेक्सिको, क्युबा, दक्षिण अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, सगळीकडे. हलक्या लाकडी गाडीचा एक फायदा असा की सुटी करून खोक्यात भरून बोटीने पाठवता येते. पोर्तुगालमधे घोड्याच्या ट्रामला लोक चक्क "अमेरिकानो" म्हणायचे, एवढी ती अमेरिकेची वस्तू झाली होती.

आपल्या मुंबईतही ट्राम आणली ती अमेरिकन ठेकेदारांनीच, स्टर्न्स अँड किट्रेज कंपनीने. ९ मे १८७४ ला कुलाबा ते पायधुणी क्रॉफर्ड मार्केटवरून आणि बोरीबंदर ते पायधुणी काळबादेवीवरून अशा दोन लाइनी सुरू झाल्या, भाडं ३ आणे, आणि तबेल्यात ९०० घोडे. हा ९०० आकडा वाचला की वरचा हिशोब परत आठवतो. गाड्या किती होत्या ह्यापेक्षा घोडे किती हे आधी सांगितलं जायचं, कारण कंपनी म्हणजे घोडेच. नाशिकला १८८९ मधे गाव ते नाशिक रोड स्टेशन ट्राम झाली तिलाही चार घोडे. हुतात्मा चौकात २०१७ मधे फ्लोरा फाउंटनचं काम चालू असताना जमिनीखाली जुने ट्रामचे रूळ निघाले, मी मुद्दाम बघायला गेलो होतो. गंजलेले, दगडात घट्ट बसलेले, आणि रस्त्याच्या बरोबर पातळीत. लुबाची ती खाच डोळ्यांनी बघितली.

मोटर आली

आता अवघड भाग. १८८८ मधे व्हर्जिनियातल्या रिचमंड शहरात फ्रँक स्प्रेग यांनी विजेची ट्राम मोठ्या प्रमाणावर चालवून दाखवली. त्यानंतर दहा-बारा वर्षात अमेरिकेतली जवळपास सगळी शहरं विजेवर गेली. म्हणजे ट्रामला कधी नव्हे एवढी मागणी. आणि नेमक्या त्याच काळात जगातला सगळ्यात मोठा ट्राम कारखाना खाली खाली गेला.

हे कसं झालं ते समजायला आपल्या एसटीचं उदाहरण घ्या. दापोडीच्या वर्कशॉपमधे चासी, म्हणजे इंजिन आणि चाकांसकट खालचा लोखंडी सांगाडा, बाहेरच्या कंपनीची येते आणि तिच्यावर बॉडी एसटीची पोरं चढवतात. घोड्याच्या ट्रामला चासी म्हणावी असं खाली काही नसायचंच. चार चाकं, दोन आस, थोडे रबराचे स्प्रिंग, बाकी सगळा भार लाकडी बॉडीच सांभाळायची. मोटर आल्यावर हे उलटं झालं. खाली मोटरचं मोठं धूड, त्याला धरायला मजबूत लोखंडी गाडा, आणि वर बॉडी. खरी किंमत आणि खरी अक्कल बॉडीतून खालच्या गाड्यात गेली. फिलाडेल्फियाचा ब्रिल हा कारखाना, १८६८ मधे सुरू झालेला, त्याने हे ओळखलं आणि गाडा आणि बॉडी दोन्ही स्वतः बनवायला लागला. ट्राम कंपनीला एका ठिकाणी सगळं मिळतंय तर ती दोन दारं कशाला हिंडेल.

आणि हलकेपणाचं काय? सुरुवातीला पैसे वाचवायला पुष्कळ कंपन्यांनी जुन्या घोड्याच्या गाड्यांनाच मोटर लावल्या. त्या गाड्या खिळखिळ्या झाल्या. घोड्याच्या चालीसाठी बेतलेले सांधे दुप्पट वेगात आणि मोटरच्या थरथरीत सुटायला लागले, दोन टोकांचे ओटे खाली झुकले, फळ्या कुरकुरायला लागल्या. पन्नास वर्षं ज्या हातांना शिकवलं होतं की एक औंस जास्त लागू देऊ नका, त्या हातांना आता सांगायचं की जाड करा, लांब करा, लोखंड घाला. घोडा दमतो म्हणून हलकं करायचं, पण वीज दमत नाही. स्टीफनसनच्या कारखान्याने विजेच्या गाड्या बनवल्या नाहीत असं नाही, बनवल्या, चांगल्या बनवल्या. पण आता तो पुढे नव्हता, मागून येत होता.

जागेचा पण प्रश्न होता. शहराच्या मधोमध मजल्यावर मजले असलेला कारखाना. सोळा फुटी डबा तिथे वरच्या मजल्यावरही बनतो, पण लांबलचक विजेच्या गाडीला लांब शेड पाहिजे, दारात रेल्वेचा फाटा पाहिजे. हे करायला शहराबाहेर जायला पाहिजे होतं आणि लवकर जायला पाहिजे होतं. ते झालं १८९८ मधे, न्यू जर्सीतल्या एलिझाबेथला. तोपर्यंत दहा वर्षं गेलेली होती.

रिचमंडची ट्राम सुरू झाली तेव्हा स्टीफनसन ७८ वर्षांचा होता. काही लोक म्हणतील त्याने वेळेवर दुसऱ्याच्या हातात द्यायला पाहिजे होतं. मला त्याला दोष देववत नाही. वडील शेवटी शेवटी वेल्डिंगच्या शेडमधे जायचे, सगळीकडे चौकोनी लोखंडी पाइप आणि फायबर, आणि एक कोपरा लाकडाचा उरलेला, तिथे ते उभे राहून फळी ठोकून बघायचे. त्यांना नवीन काम दिसत नव्हतं असं नाही, पण हाताला जे कळतं ते डोक्याने विसरायला सांगणं सोपं नसतं. फक्त वडिलांवर पाचशे लोकांचं पोट नव्हतं, स्टीफनसनवर होतं, म्हणून त्याच्या बाबतीत हा प्रश्न विचारावाच लागतो. मला वाटतं १८४३ चा स्टीफनसन, जो स्वतःचा कारखाना गमावून परत साध्या ऑम्निबसवर आला होता, तो असता तर त्याने हे केलं असतं. त्याला एकदा सगळं बदलायचं धाडस झालं होतं. पण ते ३४ व्या वर्षी, आणि हातात गमवायला काही उरलेलं नसताना.

३१ जुलै १८९३ ला न्यू रोशेलला तो गेला. त्याच वर्षी अमेरिकेत परत मोठी मंदी आली, १८३७ सारखीच, पण ह्या वेळी सावरायला तो नव्हता. एलिझाबेथचा नवीन कारखाना झाला तरी कंपनीला पैशाचा ताण कायम राहिला आणि १९०४ मधे ती विकली गेली, ब्रिललाच. ब्रिलने काही वर्षं स्टीफनसन हे नाव गाड्यांवर चालू ठेवलं आणि पहिल्या महायुद्धाच्या शेवटाला ते पण बंद केलं. इकडे मुंबईत ७ मे १९०७ ला विजेची ट्राम सुरू झाली होती आणि घोडे गेले होते.

न्यूयॉर्कमधे मात्र घोडे इतक्या लवकर गेले नाहीत. मॅनहॅटनमधे रस्त्यावरून उघड्या तारा ओढायला परवानगी नव्हती, वीज जमिनीखालच्या नाळीतून द्यावी लागायची आणि ते काम एवढं महाग की कमी गर्दीच्या लाइनीला परवडायचं नाही. तिथे जुन्या घोड्याच्या गाड्याच चालू राहिल्या. त्यातली शेवटची गाडी २६ जुलै १९१७ ला ब्लीकर स्ट्रीटच्या लाइनीवर धावली. ६६७ ब्रॉडवेचा तो जळालेला तबेला आणि दुकान जिथे होतं, ती जागा ह्या ब्लीकर स्ट्रीटपासून चालत काही मिनिटांवर आहे.